बाळाचा पर्यावरणपूरक डायपर निवडताना: दोरी, पाणी आणि लंगोटांचा हिशेब

डायपर विकत घेण्याआधी घरातली कपडे वाळत घालायची दोरी मोजा. ती किती फूट आहे, तिच्यावर दिवसाला किती तास ऊन येतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे काय होतं, हे आधी पाहा. पाकिटावर छापलेल्या हिरव्या पानापेक्षा तुमच्या डायपरचा पर्यावरणावरचा भार या दोरीवरच जास्त ठरतो.

याला चांगला आधार आहे. इंग्लंड-वेल्सच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने २००८ साली एका बाळाचे पहिल्या अडीच वर्षांतले डायपर कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत मोजले. एकदा वापरून फेकायच्या डायपरांचा भार निघाला सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका आणि कापडी डायपरांचा सुमारे ५७० किलो. म्हणजे जवळपास सारखाच. पण तेच कापडी डायपर मशीन पूर्ण भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले, तर भार ४० टक्क्यांनी उतरला. उलट ९० अंशांवर धुऊन प्रत्येक वेळी ड्रायरमध्ये वाळवले, तर सुमारे ७५ टक्क्यांनी चढला. कापड तेच होतं, धुणाऱ्याची सवय बदलली होती. ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या अभ्यासात कापडी डायपरांचा भार फेकायच्या डायपरांपेक्षा साधारण २५ टक्क्यांनी कमी आला, तरी वीज आणि गरम पाणी यांचं महत्त्व तेवढंच राहिलं.

आपल्याकडे ड्रायर जवळजवळ नसतो आणि ऊन भरपूर असतं, ही मोठी जमेची बाजू. आपल्या अडचणी वेगळ्या आहेत: कोकणातला चार महिन्यांचा पाऊस, बोअरचं जड पाणी, टँकरची वाट पाहणारी गावं आणि फ्लॅटमधली सहा फुटांची बाल्कनी. म्हणून निवडीची सुरुवात घरापासून करू.

दोरी, पाणी आणि हात

नवजात बाळाला दिवसाला १० ते १२ लंगोट लागतात. ७० सेंटिमीटरचा एक चौकोनी लंगोट पूर्ण पसरून घातला, तर दोरीवर तेवढीच जागा खातो. १२ लंगोटांना साडेआठ मीटर, म्हणजे साधारण २८ फूट दोरी हवी. छताला टांगलेल्या सहा फुटी, सहा पाइपांच्या स्टँडवर ३६ फूट जागा असते. लंगोट घातल्यावर उरतात आठ फूट, आणि त्यात घरातल्या बाकीच्यांचे कपडे मावत नाहीत. शिवलेले जाड डायपर रुंदीला कमी जागा घेतात, पण वाळायला दुप्पट-तिप्पट वेळ लावतात. तेव्हा जागा वाचली असं वाटतं आणि नग मात्र जास्त घ्यावे लागतात.

पाण्याचंही तसंच. फ्रंट-लोड मशीन एका धुण्याला साधारण ५० ते ६० लिटर पाणी घेतं, टॉप-लोड अनेकदा शंभराच्या वर जातं. हाताने नीट धुतलं तर १२ मलमलचे लंगोट ४० ते ५० लिटरमध्ये निघतात. जिथे उन्हाळ्यात टँकर येतो तिथे कापडी डायपर वापरू नयेत असं नाही. मात्र तिथे जाड, अनेक थरांचे शिवलेले डायपर घेऊ नयेत, कारण साबण निघेपर्यंत तेच सगळ्यात जास्त पाणी पितात.

आणि हात कुणाचे? रोजचं धुणं आई, आजी, मावशी की मशीन करणार हे आधी घरात बोला. बाळंतिणीच्या एकटीच्या हातांवर सगळा बेत उभा केला, की तो तिसऱ्या आठवड्यात मोडतो आणि महागडे डायपर कपाटात पडून राहतात. न वापरलेला कापडी डायपर पर्यावरणाला सगळ्यात महाग पडतो.

प्रकार ओळखून घ्या

साधा चौकोनी लंगोट हा एकेरी कापडाचा, घडी घालून वापरायचा. धुतला की पूर्ण उघडतो, म्हणून साबण लवकर निघतो आणि कडक उन्हात तास-दोन तासांत वाळतो. पावसाळ्यातही पंख्याखाली रात्रभरात वाळतो. स्वस्त आणि टिकाऊ. बाळ मोठं झालं की फडकं म्हणून उरतो. त्रिकोणी नाडीचा लंगोट याचाच भाऊ, पण शिवणीमुळे एकाच मापाला बसतो.

लंगोटावर घालायचं कव्हर आतून पाणी न झिरपणारं असतं. ते पीयूएल या कापडाचं असतं: पॉलिस्टरच्या विणीला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. कव्हर प्रत्येक वेळी धुवायचं नसतं. शू झाली तर आतला लंगोट बदला, कव्हर पुसून वाळू द्या आणि पुढच्या वेळी दुसरं वापरा. शी लागली तरच धुवा.

पॉकेट डायपरमध्ये बाहेर पीयूएल, आत कोरडं राहणारं अस्तर आणि दोन्हींमध्ये खिसा असतो. खिशात शोषणारी पट्टी, म्हणजे इन्सर्ट, सरकवायची. धुताना ती बाहेर काढता येते, म्हणून वाळायला बरं पडतं. ऑल-इन-वनमध्ये सगळं एकत्र शिवलेलं असतं. पाळणाघराला किंवा आजोबांना घालायला सोपा, पण पावसाळ्यात वाळायला दीड-दोन दिवस घेतो.

आमचं स्पष्ट मत असं: पहिले तीन महिने लंगोट आणि कव्हर, त्यानंतर त्यातच थोडे पॉकेट डायपर मिसळावेत. ऑल-इन-वन दोन-तीनच, बाहेर जाण्यापुरते.

इथे एक चूक फार घरांत होते. डोहाळजेवणाला किंवा बारशाला वीस ‘फ्री साइज’ डायपर भेट येतात. त्यांवर बहुधा ५ ते १७ किलो असं वजन लिहिलेलं असतं. जन्माला आलेलं बाळ अडीच-तीन किलोचं असतं. त्याच्या मांड्या बारीक, डायपरचं इलॅस्टिक सैल आणि शू मांडीकडून बाहेर. दोष कापडाचा नसतो, माप दोन महिने आधी वापरलेलं असतं. भेट देणाऱ्यांना आधीच सांगा: मलमल द्या, किंवा नवजात मापाची चार कव्हर द्या.

किती घ्यायचे

हिशेब सोपा आहे. दिवसाला लागणारे, अधिक दोरीवर असलेले, अधिक थोडे हाताशी. नवजात बाळासाठी १२, १२ आणि ६ मिळून ३० लंगोट आणि ५-६ नवजात कव्हर. तीन महिन्यांनंतर दिवसाचा आकडा ६ ते ८ वर येतो. तेव्हा तेच ३० लंगोट, मोठ्या मापाची ५ कव्हर आणि ६ ते ८ पॉकेट डायपर पुरतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यासाठी लंगोट ६-८ वाढवा, जाड डायपर वाढवू नका.

यापेक्षा जास्त घेतल्याने फायदा होत नाही. २४ डायपर आणि दिवसाला ६ असा वापर धरला, तर प्रत्येक नग चार दिवसांतून एकदा धुतला जातो. वर्षाला सुमारे ९० वेळा, दोन वर्षांत १८०. चांगलं पीयूएल नीट सांभाळलं तर एवढी धुणी काढतं आणि दुसऱ्या बाळालाही पुरतं.

पैशांकडेही पाहू. फेकायचा डायपर १० रुपयांना आणि दिवसाला ६ धरले तर महिन्याला १,८०० रुपये, अडीच वर्षांत ५४,००० रुपये होतात. तुमच्या दुकानातल्या पाकिटाची किंमत नगांच्या संख्येने भागून हाच गुणाकार करा. समोर ३० लंगोट, ११ कव्हर आणि काही पॉकेट डायपर यांची बेरीज मांडा, त्यात पावडर आणि पाणी धरा. फरक ठळक दिसतो.

घरचं मलमल

नवा कापूस पिकवायलाही पाणी आणि फवारणी लागते. त्यामुळे सगळ्यात हलका लंगोट म्हणजे घरात असलेलं जुनं सुती धोतर किंवा वापरून मऊ झालेली सुती साडी. कापड उजेडासमोर धरा. विरलेलं, जाळीसारखं दिसलं तर ते लंगोटाला नको, दुपट्याच्या आतल्या थराला घाला. जरीचा काठ कापून टाका. टेरीकॉट किंवा मिश्र धाग्याची साडी चालणार नाही. ओळखायचं असेल तर कापडावर पाण्याचा थेंब टाका. सुती कापड तो लगेच पिऊन टाकतं, मिश्र कापडावर तो क्षणभर बसतो.

नवजात बाळासाठी ५५ ते ६० आणि तीन महिन्यांनंतर ७० सेंटिमीटरचे चौकोन कापा. कडा एकदा दुमडून बारीक टीप मारा. दुहेरी जाड काठ मांडीला रुततो.

घडी अशी घाला. चौकोन आधी निम्मा आणि मग पुन्हा निम्मा करा, म्हणजे चार पदरी छोटा चौकोन होईल. मोकळ्या कोपऱ्याचा सगळ्यात वरचा पदर धरून बाजूला ओढा, त्याचा मोठा त्रिकोण उघडेल. आता सगळी घडी उलटी करा. त्रिकोणाच्या बाजूला उरलेला चौकोनी भाग गुंडाळत मधोमध आणा, की जाड पट्टी तयार झाली. पट्टी दोन मांड्यांमध्ये येते, पंख कमरेभोवती. वर कव्हर घातलं की पिन लागत नाही. मुलगा असेल तर पट्टीचं पुढचं टोक आणखी एकदा दुमडा, कारण ओल तिथेच जास्त येते. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, वरची कड नाळेच्या खाली दुमडून ठेवा.

दुकानात काय पाहायचं

बाहेरच्या कव्हरची शिवण उलटी करून पाहा. पाणी अडवणाऱ्या भागात मधोमध टीप असेल, तर सुईच्या प्रत्येक भोकातून पुढे ओल येणार. टिचबटणं दहा-बारा वेळा उघडून लावा. वेल्क्रो नवा असताना छान बसतो, पण वर्षभरात धागे धरून ढिला होतो, शिवाय धुताना शेजारच्या मलमलला ओरखडतो. टिकण्यासाठी टिचबटणंच बरी.

शोषणाऱ्या थरात काय आहे हे विचारा. कापूस उत्तम. हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाचा धागा, हळू शोषतो पण खूप धरून ठेवतो, रात्रीसाठी चांगला. मायक्रोफायबर झटकन शोषतं, मात्र बाळ बसलं की दाबाने स्पंजासारखं पाणी सोडतं. शिवाय ते त्वचेचा ओलावाही ओढतं, म्हणून अंगाला थेट लावायचं नाही. ते पॉलिस्टरचं असल्याने प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक प्लास्टिकचे तंतू सांडपाण्यात जातात. निवड तुमच्या हातात असेल तर कापसाचे इन्सर्ट मागा.

‘बांबू’ शब्दावर विशेष लक्ष ठेवा. बांबूचं मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या साहाय्याने विरघळवून त्याचे धागे काढतात. कापड चांगलं शोषतं, मऊही असतं, पण बांबूच्या बेटातून थेट पाळण्यात आलेलं नसतं.

प्रमाणपत्रांपैकी दोन उपयोगी आहेत. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० मध्ये ‘प्रॉडक्ट क्लास १’ लिहिलेलं असेल, तर ते तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांसाठीच्या कडक मर्यादांनुसार हानिकारक रसायनांसाठी तपासलेलं असतं. जीओटीएस सेंद्रिय धाग्यांसाठी आहे: ‘ऑरगॅनिक’ म्हणायला किमान ९५ टक्के, ‘सेंद्रिय धाग्यांनी बनवलेलं’ म्हणायला किमान ७० टक्के. दोन्हींवर क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. क्रमांकाशिवायचा शिक्का म्हणजे नुसतं चित्र.

पहिली धुणी

नव्या कापसावर नैसर्गिक मेण असतं. म्हणून नवा लंगोट पहिल्या दिवशी शोषतच नाही आणि लोक तो गळका ठरवतात. कोरे सुती लंगोट वापराआधी तीन-चार वेळा पावडरीने धुऊन वाळवा, हेम्प असेल तर सहा-सात वेळा. मधल्या धुण्यांत घरातल्या इतर सुती कपड्यांबरोबर टाकले तरी चालतात. थेंबाची परीक्षा इथेही करा. जुन्या धोतर-साडीच्या लंगोटांना ही मेहनत लागत नाही.

रोजची धुलाई

शी आधी शौचालयात गेली पाहिजे. नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पातळ असते, जेटच्या पाण्याने निघते. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू झालं की ती घट्ट होते, तेव्हा धुता येणाऱ्या फ्लीसची पातळ पट्टी आत ठेवा, म्हणजे झटकता येते. ‘विघटन होणाऱ्या’ कागदी पट्ट्या शौचालयात टाकू नका, त्या पाइपात अडकतात. तान्ह्या बाळाच्या शीतही रोगजंतू असतात. ती गटारात किंवा उघड्यावर टाकणं योग्य नाही.

जेटने धुतलेला लंगोट पिळून भोकाच्या टोपलीत ठेवा. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची जुनी सवय सोडा. तिने वास वाढतो, इलॅस्टिक सैल होतं आणि घरात रांगणारं मूल असेल तर ती बादली जीवावरचा धोका असते. २४ तासांच्या आत धुणं काढाच.

आता धुणं. पहिलं पाणी गार आणि बिनसाबणाचं, कारण गरम पाण्याने शीतली प्रथिने कापडात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. मग १० लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर, साधारण १५ ग्रॅम, बिनवासाची डिटर्जंट पावडर. अर्धा तास भिजवून चोळा. लंगोट दगडावर घासला तरी चालेल, कव्हर मात्र हातातच धुवा. त्यानंतर दोन ते तीन वेळा विसळा. शेवटच्या पाण्यात लंगोट मुठीत दाबा. फेस आला किंवा बोटांना बुळबुळीत लागलं तर आणखी एक पाणी हवं. शेवटचं विसळलेलं पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाण्याला वापरा, नाहीतर शौचालयात ओता.

मशीनमध्ये धुणार असाल तर आधी एक गार रिन्स, मग ४० अंशांवर पूर्ण वॉश आणि शेवटी एक जादा रिन्स. ड्रम पाऊण भरा. अर्धवट भरलेल्या ड्रममध्ये वीज-पाणी वाया जातं, ठासून भरलेल्यात कापड एकमेकांवर घासलंच जात नाही.

लंगोट आणि इन्सर्ट उन्हात, कव्हर सावलीत. पीयूएल रोज कडक उन्हात राहिलं तर पापुद्रा लवकर सुटतो. त्याला इस्त्री कधीच नको. फॅब्रिक कंडिशनर, ब्लीच आणि जंतुनाशक द्रव यांतलं काहीही लागत नाही. कंडिशनर धाग्यावर थर चढवून शोषण घालवतो, ब्लीच इलॅस्टिक खातं आणि जंतुनाशकाचा उरलेला अंश बाळाच्या कातडीला झोंबतो. रिठा लोकरी शालीला उत्तम असला, तरी शी-शूचं धुणं एकट्या रिठ्याने निघत नाही. महिनाभरात वास धरतो.

बिघडतं कुठे

बोअरचं जड पाणी आणि साबणाची वडी, हे जोडपं सर्वांत जास्त लंगोट खराब करतं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका करतं. तो धाग्यांत बसतो. लंगोट वाळल्यावर पापडासारखा कडक होतो, शोषत नाही आणि आतला वास सोडत नाही. डिटर्जंटच्या वड्यांमध्येही भुकटीचा भराव असतो आणि तो जाड कापडातून नीट निघत नाही. म्हणून पावडर किंवा द्रवच वापरा. पाणी जड असेल तर पावडरीबरोबर चमचाभर धुण्याचा सोडा घाला, तो कॅल्शियम बांधतो आणि पावडर आपलं काम करते. सोड्यानंतर विसळणं नीट झालं पाहिजे.

वास कधी येतो यावरून कारण कळतं. दोरीवरून काढतानाच वास येत असेल तर धुणं कमी पडतंय, पावडर आणि चोळणं वाढवा. धुतलेला लंगोट वासाचा नसतो आणि बाळाने शू करताच नाकाला झोंबतं, तर कापडात जुने जंतू आणि क्षार उरलेत. तेच जंतू मूत्रातल्या युरियाचा अमोनिया करतात. अशा वेळी फक्त सुती कापड ६० अंशांच्या पाण्यात पावडर आणि सोडा घालून एकदा धुवा, भरपूर विसळा आणि दिवसभर ऊन दाखवा. कव्हर त्यात घालू नका.

गळत असेल तर आतला थर पिळून पाहा. सगळाच चिंब आहे? मग थर कमी पडले किंवा बदलायला उशीर झाला. दिवसा दोन-तीन तासांत बदल हवाच. एकच भाग ओला आणि बाकी कोरडा? मग बसवण्यात चूक आहे, मांडीजवळ इलॅस्टिकच्या बाहेर कापड डोकावतंय का पाहा. पोटाजवळ दोन बोटं सहज जातील इतपत जागा ठेवा. आतलं जवळपास कोरडं आणि बाहेर ओघळ? मग कापड पाणी ढकलतंय. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण मालिशचं तेल. आंघोळीनंतर मांड्यांच्या खाचेत राहिलेलं खोबरेल आणि झिंक ऑक्साइडचं मलम दोन्ही कापडावर थर करतात. मलम लावलं असेल तेव्हा मध्ये जुन्या मलमलची पट्टी ठेवा आणि ती वेगळी धुवा.

पुरळ लाल, चकाकणारं आणि कडेला सुटे ठिपके असलेलं दिसलं, तर ती बुरशी असू शकते. डायपरचे प्रकार बदलून पाहत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पावसाळ्यात लंगोट पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नका. थोडा दमट राहिला तर सुती लंगोटावर इस्त्री फिरवा. पातळ कापडाला मिनिटही लागत नाही आणि एवढ्यासाठी ड्रायर घेण्यापेक्षा वीज किती तरी कमी जाते.

फेकायचा डायपर लागतोच तेव्हा

प्रवास, आजारपण, रात्र, पाण्याची टंचाई: अशा वेळी फेकायचा डायपर वापरल्याबद्दल कुणी मनाला लावून घेऊ नये. दिवसाला ६ वापरले तर दोन वर्षांत ४,३८० होतात, फक्त रात्री एक वापरला तर ७३०. म्हणजे ३,६५० डायपर कचऱ्यात गेलेच नाहीत.

त्याच्या आत काय असतं हे माहीत असू द्या. अंगाला लागणारा पॉलिप्रोपिलीनचा थर, मध्ये लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे दाणे, बाहेर पॉलिथिलीन, कडेला इलॅस्टिक आणि सगळं धरून ठेवणारा गोंद. ‘वनस्पतीजन्य’ लिहिलेल्या डायपरमध्ये बहुधा आतला किंवा बाहेरचा थर पीएलएचा, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकचा असतो. शोषणारे दाणे आणि इलॅस्टिक मात्र बहुतेकदा तेच. पीएलए घरच्या कुंडीत कुजत नाही, त्याला खतनिर्मिती प्रकल्पातली साधारण ५५-६० अंशांची उष्णता लागते. शी-शूचे डायपर आपल्या शहरांत अशा प्रकल्पात सहसा जात नाहीत. म्हणून ‘जैवविघटनशील’ वाचलं की चार प्रश्न विचारा: किती टक्के भाग, कुठल्या परिस्थितीत, किती दिवसांत आणि कुठल्या मानकाप्रमाणे? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये खोट्या हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. मोघम दाव्याचा पुरावा मागणं हा तुमचा हक्क आहे.

निवडायचाच तर सुगंध आणि लोशन नसलेला, क्लोरीनशिवाय पांढरा केलेल्या लगद्याचा आणि बाळाच्या आजच्या वजनाचा घ्या. मोठं माप ‘पुढेही चालेल’ म्हणून घेतलं की गळतं आणि दिवसाला दोन जास्त लागतात.

फेकताना आधी शी शौचालयात. मग डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करा आणि वर्तमानपत्रात बांधा. घनकचरा नियमांनुसार डायपर गुंडाळूनच द्यायचा आहे आणि तो ओल्या कचऱ्यात टाकायचा नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. कारण साधं आहे: कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या बाईला आत काय आहे ते न उघडता कळावं. तुमच्या शहरात नियम असो-नसो, हा ठिपका काढा. गावाकडे डायपर परसात जाळणं किंवा ओढ्यात टाकणं, दोन्ही टाळा. जाळल्यावर प्लास्टिकचा विषारी धूर होतो, ओढ्यात दाणे फुगून डायपर अनेक वर्षं तसाच पडून राहतो.

डायपरच कमी करा

बाळाला पायांवर बसवून ‘श्शू’ करायची आजीची पद्धत या सगळ्यांत सगळ्यात हलकी. बाळ मान धरू लागलं की, साधारण तीन-चार महिन्यांनंतर, पाटावर बसून दोन्ही पावलं जुळवा. बाळाला पावलांवर, पाठ तुमच्या नडग्यांना टेकवून बसवा आणि काखेत आधार द्या. झोपेतून उठल्यावर लगेच आणि दूध पिऊन दहाएक मिनिटांनी, या दोन वेळा सगळ्यात खात्रीच्या. दोन-तीन मिनिटांत काही झालं नाही तर उचला, जबरदस्ती नको. दिवसातून तीन वेळा जमलं तरी तीन लंगोट, त्यांचं पाणी आणि दोरीवरची सात फूट जागा वाचते.

दुसऱ्या बाळासाठी ठेवताना

कव्हरचं इलॅस्टिक ताणून सोडा. ते परत आखडलं नाही तर नवीन घालून घ्या, कोणीही शिंपी करून देतो. पीयूएल आतून उजेडासमोर धरा. पापुद्र्यावर फोड किंवा भेगा दिसल्या तर ते संपलं. लंगोट पूर्ण वाळवून सुती पिशवीत ठेवा, कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुनिंबाचा पाला चालतो.

डांबराच्या गोळ्या मात्र कधीच नाही. त्यांतलं नॅफ्थॅलीन कापडात मुरतं आणि बाळाच्या त्वचेतून, श्वासातून शरीरात जातं. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या नवजात बाळांत त्याने तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता आहे हे जन्माच्या वेळी घरच्यांना बहुधा माहीतच नसतं. नातेवाइकांकडून आलेल्या ट्रंकेत डांबराचा वास असेल, तर त्यातले लंगोट आणि दुपटी बाळाला लावू नका. फरशी पुसायला घ्या.